पुस मॉथ, पावसाळा आणि जेआरडी

जुहूचे आजचे विमानतळ पाहणाऱ्याला १९३०च्या दशकातल्या जुहूची कल्पना करणे अवघड जाईल. समुद्राला लागून असलेला तो एक सपाट, चिखलट पट्टा होता. उन्हाळ्यात जमीन वाळली की तिच्यावर विमान उतरे आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग टाटांची विमान कंपनी बिऱ्हाड उचलून पुण्याला येई. बिऱ्हाड असे होते तरी केवढे? दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. पुण्यात येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान त्यांना वापरायला मिळाले होते. पाऊस सरेपर्यंत भारतातल्या पहिल्या टपाल विमानसेवेपैकी एक असलेल्या या सेवेचा मुख्य तळ तेच मैदान असे. ज्या तुरुंगात सप्टेंबर १९३२मध्ये गांधीजींनी उपोषण केले आणि ज्याच्या आवारात पुणे करार झाला, त्याच्याच भिंतीशेजारी पुढच्या काळात विमानांची पंखे फिरू लागली.

जुहूहून येरवड्याला सरळ रेघ ओढली तर ती राजमाची आणि लोणावळ्याच्या माथ्यावरून जाते. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या वेळच्या विमानाला पाऊण तासाचा प्रवास. नकाशावर तो किरकोळ दिसतो. मृगाच्या सरींनंतर बोरघाटातून ज्याने एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला मात्र तो किरकोळ वाटणार नाही. कोकणाच्या सपाटीवरून आलेला वारा खंडाळ्याच्या कड्यावर आदळतो आणि उभा वर चढतो. त्याच्याबरोबर वर गेलेली वाफ नागफणीपासून ढाकपर्यंत ढगांची भिंत उभी करते. कड्यापलीकडे, पवनेच्या आणि इंद्रायणीच्या खोऱ्यात, तोच वारा घुसळत खाली पडतो. लोहगड आणि विसापूर हजार मीटरहून उंच. त्यांचे माथे ढगात बुडालेले. रेडिओ नाही, दिशादर्शक यंत्रणा नाही, ढगातून अंधपणे उडण्याची साधने नाहीत. वैमानिकाला जमीन दिसली पाहिजे, आणि जमीन तर दिसत नाही. या पाऊण तासात कापडाने मढवलेल्या लाकडी पंखाला जो काही आधार होता, तो दोन्ही बाजूंच्या तिरप्या दांड्यांचा.

या दांड्यांची गोष्ट पुढे येईलच. आधी ही विमाने उडवणाऱ्या माणसाविषयी.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी हे जमशेटजी टाटांचे नातलग व सहकारी, आई सुझान फ्रेंच. बालपण फ्रान्स, मुंबई आणि जपान असे विखुरलेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो या गावी टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते आणि इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे तिथले शेजारी. त्या वाळूवर विमाने उतरत. पंधराव्या वर्षी जहांगीरने तिथेच पहिली भरारी घेतली, अर्थात प्रवासी म्हणून. वैमानिक व्हायचे हे त्याच दिवशी ठरले, असे त्यांच्या पुढल्या आयुष्याकडे पाहून वाटते.

केंब्रिजला जाण्याची त्यांची इच्छा होती. ते झाले नाही. फ्रेंच सैन्यात एक वर्षाची सक्तीची नोकरी करावी लागली आणि त्यानंतर वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले. १९२६मध्ये वडील गेले आणि बाविसाव्या वर्षी घराचा भार अंगावर आला. पदवी नाही ही खंत त्यांनी जन्मभर बाळगली. भारतातल्या अनेक शिक्षणसंस्थांचा कारभार ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात ही बोच असावी हे जरा चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

जानेवारी १९२९मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी पहिल्या विद्यार्थ्यांत दाखल झाले. शिक्षकाबरोबर अवघे पावणेचार तास उडून त्यांनी एकट्याने विमान नेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता एक. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना. त्यांच्या बहिणींनीही विमान चालवण्याचे शिक्षण घेतले. हे वेड घरातच होते.

त्याच वर्षी आगाखान यांनी इंग्लंड ते भारत, किंवा भारत ते इंग्लंड, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. तीन तरुण पुढे आले. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघणार होते, जेआरडी कराचीहून. मे १९३०मध्ये जेआरडी आपले जिप्सी मॉथ घेऊन निघाले आणि मजल दरमजल करीत इजिप्तमधल्या अबुकीरच्या लष्करी तळावर उतरले. तिथे आणखी एक मॉथ उभे होते. त्याचा मालक सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर, हताश होऊन बसला होता. त्याच्या इंजिनाचा स्पार्क प्लग निकामी झाला होता आणि जवळ दुसरा नव्हता. अबुकीरला तो मिळण्यासारखा नव्हता; कुठून तरी येईपर्यंत वाट पाहायची एवढेच त्याच्या हाती होते. जेआरडींजवळ जादा प्लग होते. त्यांनी ते प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले.

अस्पी कराचीला पोहोचले आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस त्यांना मिळाले. त्याच विजयाच्या बळावर ते हवाई दलात गेले आणि १९६०मध्ये हवाई दलप्रमुख झाले. त्या पदावरचे ते दुसरे भारतीय. जेआरडींच्या औदार्याची गोष्ट म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि ते खरेच आहे. पण त्या काळातल्या छोट्या विमानांच्या दुनियेचा तो एक धडाही आहे. ज्याच्याजवळ सुटा भाग आहे त्याचे विमान उडते. बाकी कौशल्य, धाडस, नशीब हे सारे त्यानंतर. तळहाताएवढ्या एका प्लगने शर्यतीचा निकाल ठरवला. पुढे विमान कंपनी चालवताना जेआरडींना हे रोजच अनुभवावे लागणार होते. भारतात विमानाचा एकही भाग तयार होत नव्हता. इंग्लंडहून बोटीने येणाऱ्या पेटीची वाट पाहण्यात दोन-तीन आठवडे सहज जात. तेवढ्या काळात विमान जमिनीवर ठेवायचे तर टपाल कोण नेणार?

ती कंपनी मुळात सुचली जेआरडींना नव्हे, तर नेव्हिल विन्सेंट या माजी ब्रिटिश हवाई दल अधिकाऱ्याला. भारतात गावोगाव हवाई सफरी घडवीत फिरलेल्या विन्सेंट यांनी १९२९मध्ये टाटांपुढे योजना ठेवली. इंपीरियल एअरवेजची विमाने लंडनचे टपाल कराचीपर्यंत आणीत असत. तिथून ते अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारी या मार्गाने मद्रासपर्यंत विमानाने न्यायचे. टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी यांना या खटाटोपात फारसा रस नव्हता. जॉन पीटरसन या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्यांचे मन वळवले आणि सुमारे दोन लाख रुपयांची गुंतवणूक मंजूर झाली. सरकारने अनुदान नाकारले. बरीच वर्षे कागदपत्रांत गेली. करार झाला तेव्हा १९३२ उजाडले होते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये दोराबजी वारले.

विमाने निवडली ती डी हॅविलँड कंपनीची पुस मॉथ. १९२९मध्ये प्रथम उडालेले हे विमान त्या काळी देखणे आणि आधुनिक मानले जाई. आधीच्या जिप्सी मॉथमध्ये वैमानिक उघड्यावर बसे आणि पंखांचे दोन मजले तारांनी व खांबांनी एकमेकांशी जखडलेले असत. पुस मॉथला एकच पंख, डोक्यावर. आणि बसायला बंद केबिन. पुढे १२० अश्वशक्तीचे इंजिन, धड पोलादी नळ्या जोडून केलेले, पंखांचा सांगाडा लाकडी आणि त्यावर कापड. जागा वाचवण्यासाठी पंख मागे दुमडता येत. एकूण २८४ पुस मॉथ बनली.

पंखांचे दोन मजले असले की ते परस्परांना पेलतात. पंख एकच ठेवला की त्याला कुणीतरी धरून ठेवावे लागते. म्हणून धडाच्या तळापासून पंखाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे दांडे लावलेले असतात. त्यांना स्ट्रट म्हणतात. विमान शांत हवेत उडत असते तेव्हा पंख वर जाऊ पाहतो आणि दांडा ताणला जातो. ताण सोसणे नळीला सोपे असते. पण वाऱ्याचा झोत वरून आला की पंख खाली दाबला जातो आणि तोच दांडा दोन टोकांकडून चेपला जातो. लांब, सडपातळ वस्तू चेपली की काय होते ते वेताची छडी जमिनीवर टेकवून दाबणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे: ती मधोमध वाकते. दांडा वाकला की पंख गेला, आणि पंख गेला की पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही.

ऑक्टोबर १९३०मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक पुस मॉथ हवेतच मोडून पडले. मे १९३१मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ड्राकेन्सबर्ग पर्वतावर दुसरे. त्यात ग्लेन किडस्टन हे प्रसिद्ध वैमानिक व मोटार शर्यतपटू मारले गेले. वेगवेगळ्या देशांतून अशाच बातम्या येत राहिल्या. आधी वैमानिकांना दोष दिला गेला, मग हवामानाला. शेवटी इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांनी खोलात जाऊन पाहिले तेव्हा आढळले, की वेगात असलेले विमान खवळलेल्या हवेत सापडले तर पंखात कंप निर्माण होऊन तो निकामी होऊ शकतो. त्यावरचा उपाय दिसायला अगदी साधा होता. पुढच्या मुख्य दांड्याला एक लहानसा आडवा आधार देऊन त्याची वाकण्याची जागाच बांधून टाकायची. हातभर लांबीचा हा जादा दांडा म्हणजे अनेक जिवांची किंमत मोजून मिळालेले शहाणपण होते. जानेवारी १९३३मध्ये ऑस्ट्रेलियाचे लाडके वैमानिक बर्ट हिंकलर इटलीतल्या डोंगरात पुस मॉथसह कोसळले. त्या अपघाताच्या कारणांची चर्चा अजून संपलेली नाही.

ही तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. जेआरडींनी आपले पुस मॉथ कराचीहून उडवले ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, म्हणजे या अपघातमालिकेच्या ऐन मध्यावर. विमानविश्वातल्या बातम्या बारकाईने वाचणाऱ्या या माणसाला आपण कोणत्या विमानात बसतो आहोत याची कल्पना नसेल असे मानणे कठीण आहे.

त्या दिवशी सकाळी साडेसहानंतर काही मिनिटांनी त्यांनी कराचीचा ड्रिघ रोड विमानतळ सोडला. बरोबर २५ किलो टपाल. अहमदाबादला उतरून इंधन घेतले. बर्मा शेल कंपनीचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. दोनला दहा मिनिटे असताना विमान जुहूच्या पट्ट्यावर टेकले. तिथे विन्सेंट दुसरे पुस मॉथ घेऊन तयारच होते. मद्रासकडचे टपाल त्यांनी आपल्या विमानात घेतले, बळ्ळारीला रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले. जुहू ते बळ्ळारी हा मार्गही सह्याद्री ओलांडतो, लोणावळ्याच्या थोडा दक्षिणेला, मुळशीच्या बाजूने. म्हणजे या सेवेच्या पहिल्या दिवसापासूनच मावळच्या आकाशाशी तिचा संबंध होता.

जेआरडींच्या चरित्रात या उड्डाणाला जे स्थान आहे ते योग्यच आहे. तरी मला त्यापेक्षा त्यानंतरची दोन-तीन वर्षे अधिक मोलाची वाटतात. एक दिवस उडून जाणे धाडसी तरुणाला जमते. पण आठवड्यामागून आठवडे, ठरल्या वेळी, उन्हात आणि पावसात तेच विमान तसेच उडत ठेवणे ही गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षात या कंपनीने १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, ९.७२ टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले, ६०,००० रुपये नफा कमावला. वक्तशीरपणात तिने सरकारच्या पाठीवर बसलेल्या मोठ्या कंपन्यांना मागे टाकले. हे आकडे तीन मेकॅनिकांच्या जिवावर उभे आहेत हे विसरता कामा नये. त्यांची नावे कुणाच्या तोंडी नाहीत.

अशा विमानाची रोजची देखभाल म्हणजे काय याचा थोडा अंदाज घ्यायला हवा. कापड आर्द्रतेने सैल होते. त्यावर डोप नावाचे द्रावण चढवून ते पुन्हा ताठ करावे लागते. लाकडाचे जोड फुगतात. पोलादी दांडा बाहेरून रंगवलेला, चकचकीत दिसतो. पण नळीच्या आत शिरलेला दमटपणा तिला आतून खातो आणि रंगाखालचा गंज डोळ्यांना दिसत नाही. पुण्याचा पाऊस मुंबईच्या मानाने मवाळ. कोकणाच्या खाऱ्या हवेपेक्षा ही जागा विमानांना मानवणारी होती. पण पुण्यापर्यंत यायचे आणि पुण्याहून निघायचे तर मध्ये घाट होताच. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ढगांच्या खालून जायचे तर कडा आडवा येतो, वरून जायचे तर जमीन दिसत नाही. मावळातल्या नांगरटीवर वाकलेल्या शेतकऱ्याने ढगातून आलेली ती भुणभुण ऐकून मान वर केली असेल, तेव्हा वर बसलेला माणूसही बहुधा खालची नदी किंवा रेल्वेचे रूळ शोधत असेल.

त्या शेतकऱ्याला टाटा हे नाव मात्र नवे नव्हते. घाटमाथ्यावरचे पाणी अडवून कोकणात सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची ही जमशेटजींची कल्पना. त्यातून लोणावळा, वळवण आणि शिरोता ही धरणे झाली आणि १९१५मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. मग आंध्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण आले, आणि त्यानंतर मुळशीचे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या भातखाचरांसाठी १९२१पासून सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले आणि तुरुंगवास भोगला. जमिनी अखेर पाण्याखाली गेल्याच. जेआरडी तेव्हा शिकत होते. त्या निर्णयांत त्यांचा हात नव्हता. पण ज्या नावाखाली ते उडत होते, त्या नावाचा अर्थ मुंबईत एक आणि मावळ-मुळशीत दुसरा होता. वरून पाहणाऱ्याला ही तळी पावसाळी दिवसांत वाट दाखवणाऱ्या खुणा वाटल्या असतील. खाली राहणाऱ्यांना त्यांच्या तळाशी आपले गाव दिसत होते. जेआरडींचे गुणगान करताना हा भाग सहसा गाळला जातो, म्हणून त्याची नोंद इथे करावीशी वाटली.

१९३८मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. टपालाची सेवा तोवर टाटा एअरलाइन्स झाली होती. मग महायुद्ध आले. परदेशातून येणारे सुटे भाग दुर्मिळ झाले आणि विमाने युद्धकार्यात गुंतली. भाग आयात करण्यापेक्षा विमानेच इथे का बांधू नयेत, हा विचार अशा वेळी सुचणे स्वाभाविक होते. जेआरडी आणि विन्सेंट यांनी त्यासाठी पुणे निवडले. पुण्यात विमानबांधणीचा कारखाना उभारण्याची योजना घेऊन विन्सेंट इंग्लंडला गेले, तिथल्या सरकारशी बोलणी केली आणि जानेवारी १९४२मध्ये हवाई दलाच्या हडसन विमानातून परत निघाले. ते विमान पोहोचलेच नाही. शत्रूच्या विमानांनी ते समुद्रावर पाडले असावे असे मानले जाते. योजनेचे रूप पुढे बदलत गेले. बॉम्बफेकी विमानांऐवजी सैनिक वाहून नेणारी ग्लायडर बांधावीत असे ठरले आणि शेवटी तेही बारगळले. पुणे विमाने बांधणारे शहर होता होता राहिले. जेआरडींनी जवळचा मित्र गमावला, आणि टाटांच्या विमानसेवेने तो माणूस गमावला ज्याच्या डोक्यातून ती निघाली होती.

यानंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे, तेव्हा तो थोडक्यात. १९४६मध्ये एअर इंडिया हे नाव आले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५३मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा त्याला विरोध होता; पण नेहरू सरकारने अध्यक्षपद देऊ केले ते त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे विनावेतन सांभाळले. प्रवासात चहा-कॉफीचा रंग, पडद्यांची शिवण, काउंटरवरची धूळ असल्या गोष्टी टिपून ते अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या धाडत. पुष्कळांना हा अध्यक्षाला न शोभणारा किरकोळपणा वाटे. ज्याने उमेदीत तीन मेकॅनिकांबरोबर कंपनी चालवली आणि एका प्लगमुळे विमान अडलेले पाहिले, त्याच्या लेखी किरकोळ असे काही उरले नव्हते, असे मला वाटते. फेब्रुवारी १९७८मध्ये मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांना या पदावरून दूर केले. ही बातमी त्यांच्यापर्यंत ज्या रीतीने पोहोचली ती कुणालाही भूषणावह नव्हती. दोन वर्षांनी इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्षपद गेले ते गेलेच.

पहिल्या उड्डाणाला ३० वर्षे झाली तेव्हा, १९६२मध्ये, जेआरडींनी कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला होता. १९८२मध्ये ५० वर्षे होत होती आणि त्यांचे वय होते अठ्ठ्याहत्तर. तरीही त्यांनी पुन्हा एकट्याने उडायचे ठरवले. या वेळी विमान होते लेपर्ड मॉथ. पुस मॉथचेच धाकटे भावंड, १९३३ सालचे वाण. त्याचे धड पुन्हा प्लायवुडचे. पंख तसेच डोक्यावर, तसेच दुमडणारे, तसेच तिरप्या दांड्यांवर पेललेले.

जुने विमान उडवायचे म्हणजे काय अडचणी असतात हे मोटारींच्या शौकिनांना थोडेफार कळेल, पण थोडेच. जुन्या मोटारीचा भाग कुणी लोहाराकडून बनवून घेतला आणि तो मोडला तर मोटार रस्त्याच्या कडेला थांबते. विमानाला कडा नसते. १९८२मध्ये डी हॅविलँड ही कंपनी स्वतंत्र नावाने उरलेली नव्हती. १९६०च्या सुमारासच ती दुसऱ्या समूहात विलीन झाली होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या विमानाचा दांडा कोणत्याही गोदामात मिळण्याची आशा नसते. अशा वेळी तीनच वाटा असतात. एखाद्या निकामी विमानाचा दांडा काढून घ्यायचा, पण मग त्याच्या आतल्या गंजाची तपासणी क्ष-किरणांनी किंवा ध्वनिलहरींनी करायची. किंवा मूळ आराखडा मिळवून तो नव्याने घडवायचा. त्यासाठी त्या काळच्या पोलादाशी जुळणारे, कोणत्या कारखान्यात कधी तयार झाले याचा दाखला असलेले पोलाद लागते. पाण्याच्या थेंबासारख्या आडव्या छेदाची नळी लागते. टोकाच्या जोडांचे वेल्डिंग परवानाधारकाच्याच हातचे लागते. आणि शेवटी नागरी विमान वाहतूक खात्याच्या अभियंत्याची सही लागते. तिसरी वाट म्हणजे आहे तो दांडा जपणे: दर काही तासांच्या उड्डाणानंतर उतरवणे, पुसणे, आतून तेल फिरवणे, पुन्हा बसवणे. दांडा एका बाजूचाच बदलावा लागला तरी दोन्हीकडची लांबी केसाच्याही फरकाने चुकता कामा नये. नाही तर पंखांचा कोन बदलतो आणि विमान सतत एका अंगाला कलते. जगभर आज जी मोजकी पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ उडण्याजोगी उरली आहेत, ती या तीन वाटांनीच तगली आहेत. त्यामागे बहुतेक वेळा एखाद्या निवृत्त फिटरची वही असते.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी लेपर्ड मॉथ जुहूला उतरले. ५० वर्षांपूर्वी जिथे चिखल होता तिथे पक्की धावपट्टी होती आणि स्वागताला मोठा जमाव. त्यांच्या हृदयाची आणि वयाची काळजी वाहणारे अनेक जण त्या गर्दीत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस केबिनमधून सरळ चालत बाहेर आला. त्या वयात इतके तास एकट्याने उडून आलेल्याला विमानाच्या दांड्याचा आधार घेऊन उभे राहण्याचा हक्क होता.

१९९२मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. उद्योगपतीला हयातीत हा सन्मान मिळण्याचा तसा प्रसंग त्यापूर्वी आला नव्हता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे परत आली; ते पाहायला ते नव्हते.

त्याच वर्षी, १५ ऑक्टोबरला, आरोही पंडित या तरुण मराठी वैमानिकेने ९०व्या स्मृतिदिनी हा मार्ग पुन्हा उडून पाहिला. कराचीहून निघणे आता शक्य नव्हते, म्हणून ती भूजहून निघाली, अहमदाबादला थांबली आणि टपाल घेऊन जुहूला आली. तिचे विमान स्लोव्हेनियातल्या पिपिस्ट्रेल कंपनीचे होते, वजनाने पुस मॉथपेक्षाही हलके, कापड आणि लाकडाऐवजी संमिश्र तंतूंचे. त्याचाही पंख डोक्यावरच होता. पण त्याखाली तिरपे दांडे नव्हते. आधार सगळा पंखाच्या आतच होता.